मॅजिक: द गॅदरिंगमधला कॉम्बॅट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅजिक हा कार्डांचा खेळ शिकवायला बसलं की पहिला अर्धा तास मजेत जातो. लँड टाका, मॅना (कार्डं खेळायची ऊर्जा) काढा, क्रीचर (लढणारं कार्ड) उतरवा, इथवर कुणाचं फारसं अडत नाही. मग कुणीतरी पहिला ॲटॅक करतो आणि टेबलावर एकदम चारजण बोलायला लागतात. "थांब, त्याआधी मी हे टाकलं असतं!" "आता कसं टाकशील, ब्लॉक झालाय!" गेली काही वर्षं नव्या मंडळींना शिकवताना मला हेच दिसलंय. कॉम्बॅटमधल्या, म्हणजे लढतीतल्या, जवळजवळ प्रत्येक भांडणाचं मूळ वेळेत असतं. कुठली गोष्ट कुठल्या क्षणी ठरली आणि ती आता मागे घेता येते का, एवढं पक्कं झालं की उरलेले नियम आपोआप जागेवर बसतात. म्हणून खाली मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न त्याच अंगाने मांडलेत.

माझं क्रीचर समोरच्याच्या क्रीचरवर ॲटॅक करू शकतं का?

नाही. मॅजिकमध्ये ॲटॅक खेळाडूवर होतो. २००७ पासून 'प्लेन्सवॉकर' आणि २०२३ पासून 'बॅटल' या प्रकारच्या कार्डांवरही करता येतो. क्रीचरवर कधीच नाही.

दुसरे खेळ खेळून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. यू-गी-ओमध्ये मॉन्स्टर मॉन्स्टरवर जातो. हार्थस्टोनमध्ये कुणावर जायचं ते ॲटॅक करणारा ठरवतो. मॅजिकमध्ये तुम्ही फक्त एवढंच म्हणता: "हे तिघं तुझ्यावर येतायत." त्या तिघांना कोण अडवणार, कुणाला मोकळं सोडायचं, कुणावर दोघं मिळून तुटून पडायचं, हे सगळं समोरचा ठरवतो. लढतीच्या जोड्या लावायचा हक्क बचाव करणाऱ्याचा आहे. हा एक नियम नीट मुरला की समोरचा तीन-तीन क्रीचर घेऊन नुसता का बसून राहतो तेही कळतं. मॅजिकमध्ये बचाव स्वस्त असतो.

कॉम्बॅटचे टप्पे कोणते?

पाच. पहिला 'बिगिनिंग ऑफ कॉम्बॅट'. मग 'डिक्लेअर ॲटॅकर्स', म्हणजे कोण ॲटॅक करणार ते सांगायचं आणि ती कार्डं टॅप करायची, म्हणजे आडवी करायची. मग 'डिक्लेअर ब्लॉकर्स', म्हणजे कोण कुणाला अडवणार ते सांगायचं. मग 'कॉम्बॅट डॅमेज' आणि शेवटी 'एंड ऑफ कॉम्बॅट'. प्रत्येक टप्प्यात दोघांनाही इन्स्टंट (समोरच्याच्या टर्नमध्येही टाकता येणारं कार्ड) टाकायची किंवा ॲबिलिटी (कार्डावर लिहिलेली क्षमता) वापरायची संधी मिळते.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ॲटॅकर जाहीर करणं, ब्लॉकर जाहीर करणं आणि डॅमेज लागणं या तिन्ही गोष्टी स्टॅकवर, म्हणजे टाकलेली कार्डं लागू होण्याआधी जिथे थांबतात तिथे, जात नाहीत. त्या घडतात आणि मग पुढची संधी येते. "तू ॲटॅक जाहीर करतोयस, त्याला रिस्पॉन्स म्हणून..." असं काही मॅजिकमध्ये नसतं. रिस्पॉन्स द्यायचा तर त्याआधी किंवा त्यानंतर.

समोरच्याचं मोठं क्रीचर टॅप करून त्याचा ॲटॅक रोखायचा आहे. नेमकं कधी टॅप करू?

त्याच्या बिगिनिंग ऑफ कॉम्बॅटमध्ये. ॲटॅक जाहीर झाल्यावर टॅप केलंत तर काहीच होणार नाही, कारण ॲटॅकसाठी ते तसंही टॅप झालेलं असतं. आणि व्हिजिलन्समुळे (ॲटॅक करताना टॅप न होण्याची क्षमता) उभं असलेलं क्रीचर जरी तुम्ही मधेच टॅप केलंत तरी ते ॲटॅकमधून बाहेर पडत नाही. फार आधी, म्हणजे त्याच्या मेन फेजमध्येच (कार्डं उतरवायच्या टप्प्यात) टॅप केलंत, तर तो हेस्ट (उतरल्याबरोबर ॲटॅक करायची क्षमता) असलेलं दुसरं क्रीचर उतरवून त्याच्यानेच ॲटॅक करेल. बिगिनिंग ऑफ कॉम्बॅटपर्यंत थांबलात तर त्याला नवं क्रीचर टाकायची वेळ सहसा निघून गेलेली असते.

म्हणून घरी खेळतानासुद्धा एक सवय लावून घ्या. ॲटॅकर पुढे सरकवण्याआधी "कॉम्बॅटला जातोय" असं म्हणायचं आणि क्षणभर थांबायचं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

नुकतंच उतरवलेलं क्रीचर ब्लॉक करू शकतं का?

हो, बिनधास्त. 'समनिंग सिकनेस' फक्त ॲटॅकला आणि टॅप-चिन्हाची ॲबिलिटी वापरायला आड येतो. तुमचा टर्न सुरू झाल्यापासून क्रीचर सलग तुमच्या ताब्यात असेल तरच ते ॲटॅक करू शकतं. समोरच्याकडून हिसकावून घेतलेल्या क्रीचरलाही हेच लागू, म्हणूनच एका टर्नपुरतं क्रीचर पळवणाऱ्या बऱ्याच लाल कार्डांवर सोबत हेस्टही दिलेली असते.

फ्लॅश (इन्स्टंटसारखं टाकता येण्याची क्षमता) असलेलं क्रीचर समोरच्याच्या ॲटॅकनंतर टाकून त्याच दमात ब्लॉकला लावता येतं. मात्र ते 'डिक्लेअर ॲटॅकर्स'मध्येच टाकायला हवं. ब्लॉक जाहीर झाल्यावर आलेलं क्रीचर नुसतं बघत उभं राहतं.

टॅप झालेलं क्रीचर ब्लॉक करू शकतं का?

नाही. पण ब्लॉक जाहीर केल्यानंतर कुणी त्याला टॅप केलं तर तो ब्लॉक कायम राहतो आणि ते क्रीचर डॅमेजही देतं. जुने खेळाडू इथे वाद घालतील आणि त्यांचंही पूर्ण चुकत नाही. १९९९ मध्ये सिक्स्थ एडिशनबरोबर नियम बदलले, त्याआधी टॅप झालेला ब्लॉकर डॅमेज देत नसे.

मी ॲटॅक केला, त्याने ब्लॉक केला, मग मी त्याचा ब्लॉकर मारून टाकला. आता माझं डॅमेज त्याला लागेल ना?

नाही लागणार. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

ब्लॉक जाहीर झाला त्या क्षणी तुमच्या ॲटॅकरवर 'ब्लॉक झालेला' असा शिक्का बसला. त्यानंतर ब्लॉकर मेला, हातात परत गेला, गेममधून हद्दपार झाला, काहीही झालं तरी शिक्का पुसला जात नाही. तुमचा ॲटॅकर समोर कुणी नसताना जागेवर उभा राहतो आणि कुणालाही डॅमेज देत नाही. अपवाद ट्रॅम्पलचा, म्हणजे ब्लॉकरला देऊन उरलेलं डॅमेज पुढे नेणाऱ्या क्षमतेचा. ट्रॅम्पल असेल आणि ब्लॉकर उरला नसेल तर सगळं डॅमेज खेळाडूला जातं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: समोरच्याला डॅमेज पोचवायचं असेल तर 'लाइटनिंग बोल्ट' (३ डॅमेज देणारा इन्स्टंट) ब्लॉकच्या आधी टाका, म्हणजे अडवायला कुणी उरणार नाही. त्याने ब्लॉक करून फसावं असं वाटत असेल तर ब्लॉकनंतर टाका. तोच बोल्ट, तेच ३ डॅमेज. पण आधी टाकलात तर त्याचं लाइफ जातं, आणि नंतर टाकलात तर तुमचं क्रीचर वाचतं.

बचाव करणाऱ्यालाही यातून एक युक्ती मिळते. ज्या क्रीचरचा बळी देऊन काही मिळतं, त्याने आधी ब्लॉक करा आणि मग त्याचा बळी द्या. ॲटॅकर अडलेला तो अडलेलाच.

तीन क्रीचरनी मिळून एकाला ब्लॉक केलं तर डॅमेज कसं वाटायचं?

ॲटॅक करणारा त्याला हवं तसं वाटतो. ४/४ (पहिला आकडा पॉवर, म्हणजे किती डॅमेज देतं; दुसरा, किती डॅमेज लागलं की मरतं) च्या समोर ३/३ आणि २/२ असतील तर चारही एकाला, किंवा तीन-एक, किंवा दोन-दोन, सगळं चालतं.

हे उत्तर नवीन आहे. २००९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत नियम वेगळा होता. ब्लॉक होताच ॲटॅक करणाऱ्याला ब्लॉकर्सची रांग लावावी लागे, आणि रांगेतल्या पहिल्याला मरण्याइतकं डॅमेज दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नसे. समजा त्याने ३/३ ला पहिलं ठेवलं. मग बचाव करणारा त्याच ३/३ वर 'जायंट ग्रोथ' टाकून त्याला ६/६ करायचा. झालं, ४/४ चं सगळं डॅमेज त्या एकात जिरायचं आणि मागचं २/२ सुखरूप. फाउंडेशन्स हा संच आला तेव्हा ही रांग काढून टाकली. आता ३/३ फुगलेलं पाहून ॲटॅक करणारा डॅमेजच्या वेळी खुशाल २/२ वर वळतो आणि निदान तेवढं तरी मारतो.

माझ्या मते बदल चांगला झाला. नव्या माणसाला रांगेचा नियम समजावताना पंधरा मिनिटं जायची आणि शेवटी "पण का?" याचं उत्तर माझ्याकडे नसायचं. पण बचावाची एक सुंदर चाल यात गेली, हेही खरं. जुना लेख किंवा जुना व्हिडिओ पाहून शिकत असाल तर त्यावरची तारीख आधी तपासा.

फर्स्ट स्ट्राइक आणि डबल स्ट्राइक यांत फरक काय?

कॉम्बॅटमधल्या एकाही क्रीचरकडे यांपैकी काही असेल तर डॅमेजचा टप्पा दोनदा होतो. पहिल्यात फर्स्ट आणि डबल स्ट्राइकवाले मारतात. दुसऱ्यात उरलेले सगळे, आणि डबल स्ट्राइकवाले पुन्हा. पहिल्या टप्प्यात जो मेला त्याला उलटून मारायची संधी मिळत नाही. त्यामुळे २/२ फर्स्ट स्ट्राइक आणि साधं २/२ समोरासमोर आलं तर फर्स्ट स्ट्राइकवाल्याला ओरखडाही येत नाही.

दोन टप्प्यांच्या मधेही इन्स्टंट टाकता येतात आणि तिथे एक बारकावा आहे. पहिला टप्पा उरकल्यावर एखाद्या साध्या क्रीचरला फर्स्ट स्ट्राइक दिलीत तर काही बिघडत नाही, ते दुसऱ्या टप्प्यात मारतंच. उलट पहिल्या टप्प्यात मारून झालेल्याची फर्स्ट स्ट्राइक मधेच काढून घेतली तरी ते दुसऱ्यांदा मारत नाही. एकदा मारलेल्याला पुन्हा मारायचं असेल तर दुसऱ्या टप्प्याच्या वेळी त्याच्याकडे डबल स्ट्राइक असायला हवी.

डबल स्ट्राइकवाल्या ॲटॅकरने पहिल्या फटक्यात ब्लॉकर मारला तर दुसरा फटका कुठे जातो? ट्रॅम्पल नसेल तर कुठेच नाही. शिक्क्याचा नियम आठवा.

ट्रॅम्पलमध्ये किती डॅमेज पुढे जातं?

ब्लॉकर मरायला पुरेल इतकं आधी त्याला द्यायचं, उरलेलं खेळाडूला देता येतं. ६/६ ट्रॅम्पलला २/२ ने अडवलं तर ४ पुढे. त्या २/२ ला याच टर्नमध्ये आधीच १ डॅमेज लागलेलं असेल तर १ पुरतं, ५ पुढे. अनेक ब्लॉकर असतील तर प्रत्येकाला पुरेसं द्यायलाच लागतं. रांग गेली तरी ट्रॅम्पलची ही अट कायम आहे.

'मरायला पुरेल इतकं' हे आकड्यावर ठरतं, ते क्रीचर खरंच मरणार की नाही यावर नाही. ब्लॉकर इंडिस्ट्रक्टिबल (डॅमेजने नष्ट न होणारा) असो किंवा तुमच्या रंगापासून प्रोटेक्शन असलेला (त्या रंगाचं डॅमेज न लागणारा) असो, २/२ असेल तर २ नेमून द्या आणि बाकीचं पुढे पाठवा. ट्रॅम्पलसोबत डेथटच असेल तर प्रत्येक ब्लॉकरला फक्त १, कारण डेथटचचं १ डॅमेजही मारायला पुरेसं धरलं जातं. नव्या खेळाडूच्या चेहऱ्यावर ही जोडी पहिल्यांदा कळल्यावर जे उमटतं ते बघायला मला फार आवडतं.

प्लेन्सवॉकरवर ॲटॅक केला असेल तर जास्तीचं डॅमेज ब्लॉकरमधून प्लेन्सवॉकरपर्यंतच जातं. त्याच्या मागे बसलेल्या खेळाडूपर्यंत साध्या ट्रॅम्पलने पोचत नाही.

माझं लाइफ ३ आहे, ५ डॅमेज येतंय, पण माझं लाइफलिंकवालं क्रीचर त्याच वेळी ४ डॅमेज देतंय. मी मेलो का?

वाचलात, २ लाइफवर. समजा समोरून ५/५ आणि २/२ आले, तुम्ही ५/५ सोडून दिलं आणि २/२ ला तुमच्या ४/४ लाइफलिंकने अडवलं. सगळं डॅमेज एकदम लागतं, लाइफलिंकचं लाइफ (क्रीचरने दिलेल्या डॅमेजइतकं) त्याच क्षणी मिळतं, आणि खेळाडू हरला का ही तपासणी त्यानंतर होते. तीनमधून पाच गेले, चार आले. पूर्वी लाइफलिंक वेगळी ट्रिगर होऊन स्टॅकवर जायची आणि तोवर माणूस गेलेला असायचा, हे २००९ मध्ये बदललं.

तेच ५/५ फर्स्ट स्ट्राइकवालं असतं तर मात्र संपलं होतं, कारण ते आधीच्या टप्प्यात लागलं असतं.

जायंट ग्रोथने माझं २/२ हे ५/५ झालं आणि त्याला ४ डॅमेज लागलं. टर्नच्या शेवटी ग्रोथ उतरल्यावर ते मरेल का?

नाही. क्लीनअपमध्ये, म्हणजे टर्नच्या शेवटच्या टप्प्यात, क्रीचरवरचं डॅमेज पुसलं जाणं आणि 'टर्न संपेपर्यंत'चे परिणाम संपणं या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी होतात. या एकाच क्षणात किती क्रीचर वाचतात त्याला गणती नाही. नियम लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट फार विचाराने जुळवली आहे.

फ्लाइंग, रीच, मेनस, डिफेंडर, व्हिजिलन्स एका दमात सांगा.

फ्लाइंगला फक्त फ्लाइंग किंवा रीच असलेलं क्रीचर अडवू शकतं, पण उडणारं क्रीचर जमिनीवरच्याला खुशाल अडवतं. मेनसला अडवायला किमान दोघं लागतात. फ्लाइंग आणि मेनस एकत्र असतील तर त्या दोघांकडेही फ्लाइंग किंवा रीच हवी. डिफेंडर ॲटॅक करत नाही, ब्लॉक करतं. व्हिजिलन्स असेल तर ॲटॅक करताना टॅप व्हायचं नाही. 'सेरा एंजल' हे ४/४ फ्लाइंग क्रीचर १९९३ पासून हे करतंय, 'व्हिजिलन्स' हा शब्द मात्र २००४ मध्ये आला.

'फाइट' म्हणजे कॉम्बॅटच ना?

नाही. फाइटमध्ये दोन क्रीचर आपापल्या पॉवरइतकं डॅमेज एकमेकांना देतात, पण ते कॉम्बॅट डॅमेज नसतं. म्हणून फर्स्ट स्ट्राइक आणि ट्रॅम्पल तिथे निरुपयोगी. डेथटच आणि लाइफलिंक मात्र चालतात, कारण त्यांना डॅमेज कुठलंही चालतं. समोरच्याचं मागे लपून बसलेलं छोटं, उपद्रवी क्रीचर गाठायचं तर हिरव्या डेकला हाच रस्ता.

जुने खेळाडू "डॅमेज स्टॅकवर आहे" म्हणतात ते काय?

१९९९ ते २००९ या काळात कॉम्बॅट डॅमेज आधी ठरायचं, स्टॅकवर बसायचं आणि मग लागायचं. मधे खेळायची संधी असायची. 'मॉग फॅनॅटिक' हे १/१ गॉब्लिन त्या काळातलं लाडकं. ते ब्लॉक करायचं, त्याचं १ डॅमेज स्टॅकवर बसायचं, मग त्याचा बळी देऊन आणखी १ डॅमेज. एका मॅनाचं गॉब्लिन २/२ ला घेऊन मरायचं. आता डॅमेज ठरताक्षणी लागतं, त्यामुळे बळी द्यायचा की डॅमेज द्यायचं, यातलं एकच निवडावं लागतं. जुनं कार्ड घेऊन कुणी समोर बसला तर खेळायच्या आधीच हे स्पष्ट करून घ्या.

व्हेइकल ॲटॅक कसा करतं?

व्हेइकल (वाहन) हा कार्डांचा प्रकार २०१६ च्या 'कलादेश' संचात आला. भारतावरून प्रेरणा घेऊन रचलेली ती दुनिया, आणि २०२५ च्या 'ईथरड्रिफ्ट' संचापासून तिचं नाव 'आविष्कार' झालं. आपल्या ओळखीचा शब्द मॅजिकच्या कार्डावर पाहून मला झालेला आनंद इथे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

नियम असा: कार्डावरच्या 'क्रू'च्या आकड्याइतकी पॉवर भरेल एवढी क्रीचर टॅप करा, टर्न संपेपर्यंत व्हेइकल क्रीचर होतं. चाकामागे बसणारं क्रीचर याच टर्नमध्ये आलेलं असलं तरी चालतं. व्हेइकल मात्र याच टर्नमध्ये आलेलं असेल तर ॲटॅक करू शकत नाही. ॲटॅकसाठी क्रू करायचं ते ॲटॅकर जाहीर व्हायच्या आधी, आणि ब्लॉकसाठी करायचं ते समोरच्याचे ॲटॅकर जाहीर झाल्यावर, ब्लॉकच्या आधी. 'स्मगलर्स कॉप्टर' दोन मॅनात ३/३ फ्लाइंग द्यायचं आणि क्रू फक्त १. ते इतकं भारी पडलं की जानेवारी २०१७ मध्ये स्टँडर्ड या खेळप्रकारातून त्यावर बंदी आली.

कमांडर या खेळप्रकारात चौघं खेळताना काय बदलतं?

लाइफ २० ऐवजी ४०. एकाच ॲटॅकमध्ये तुम्ही दोन क्रीचर एकावर आणि एक दुसऱ्यावर पाठवू शकता, पण सगळे ॲटॅकर एकदमच जाहीर करायचे. ज्याच्यावर ॲटॅक आला त्यानेच तो अडवायचा, शेजाऱ्याला मधे पडता येत नाही. एकाच कमांडरकडून (डेकच्या प्रमुख क्रीचरकडून) पूर्ण गेममध्ये २१ कॉम्बॅट डॅमेज लागलं तर लाइफ कितीही असो, तो खेळाडू बाद. फाइटचं किंवा ॲबिलिटीचं डॅमेज यात धरत नाहीत. कागदावर हिशेब ठेवा, आठवणीवर विसंबलात की रात्री अकरा वाजता "बारा झालेत की चौदा?" सुरू होतं.

अरीनावर, म्हणजे मॅजिकच्या ऑनलाइन रूपात, मला इन्स्टंट टाकायची संधीच मिळत नाही. नियम वेगळे आहेत का?

नियम तेच आहेत. खेळ वेगाने चालावा म्हणून मॅजिक अरीना अनेक टप्प्यांवर तुमच्या वतीने पुढे सरकतं. समोरच्याच्या बिगिनिंग ऑफ कॉम्बॅटमध्ये काही करायचं असेल तर त्या टप्प्याच्या चिन्हावर क्लिक करून तिथे थांबा लावून ठेवा, किंवा 'फुल कंट्रोल' चालू करा.

नवीन क्रीचर ॲटॅकच्या आधी उतरवू की नंतर?

बहुतेक वेळा नंतर, दुसऱ्या मेन फेजमध्ये. हेस्ट नसेल तर ते या ॲटॅकमध्ये तसंही येणार नाही. आणि तोवर तुमचे चार लँड उभे दिसले की समोरच्याला प्रश्न पडतो: याच्या हातात ग्रोथ आहे की काय? तुमचं २/२ त्याच्या ३/३ समोर बेधडक येतंय, मॅना मोकळा आहे, आणि ब्लॉक करायचा की नाही हे त्याला ठरवायचंय. हातात फक्त लँड असताना मी असे कितीतरी ॲटॅक केलेत. त्यातले बरेचसे कुणी अडवले नाहीत.